दोन वेटोळ्यांचा ध्वनिक्षेपक

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गावातून कधी एखादा जुना ध्वनिक्षेपक भेट मिळतो. तो बहुधा कोणाच्या मोटारीतून अथवा घरच्या संगीतयंत्रातून काढलेला, मोठ्या काळ्या पडद्याचा असतो. तो उलटा करून पाहिला म्हणजे शिक्षकांचा थोडा गोंधळ उडतो. नेहमीच्या ध्वनिक्षेपकास तारा जोडण्याची दोनच टोके असतात. येथे चार दिसतात, दोन तांबडी व दोन काळी. चार टोके म्हणजे दोन आवाज, निदान दुप्पट आवाज, अशी समजूत सहज होते. यांपैकी पहिली समजूत खोटी आहे आणि दुसरी अर्धीच खरी. या चार टोकांची जोडणी चुकली तर ध्वनिवर्धक यंत्र, म्हणजे अँप्लिफायर, जळू शकते. किंवा सर्व काही चालू असूनही आवाजच निघत नाही. हा दुसरा दोष तर मीटर लावूनही उघडकीस येत नाही. म्हणून आत काय घडते ते समजून घेणे इष्ट आहे.

ध्वनिक्षेपकाच्या पाठीशी एक कायमचा लोहचुंबक असतो. त्याच्या दोन ध्रुवांमध्ये वर्तुळाकार अरुंद फट ठेवलेली असते. या फटीत हलक्या नळीवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे अधांतरी राहते. कारागीर याला कॉइल म्हणतात. नळीचे दुसरे तोंड शंकूच्या आकाराच्या पडद्याला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह गेला की चुंबकाच्या क्षेत्रात त्यावर बल निर्माण होते. प्रवाह एका दिशेने गेला तर पडदा पुढे सरकतो, उलट दिशेने गेला तर मागे. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, पडदा तसाच थरथरतो आणि हवा हलवतो. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास अमेरिकेत या तत्त्वावर कर्णा बनवला. आज सर्वत्र दिसणाऱ्या शंकूच्या पडद्याची रीतसर मांडणी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये केली.

जुन्या दिव्यांच्या रेडिओतही ध्वनिक्षेपकात दुसरे वेटोळे असे. मात्र त्याचे काम निराळे होते. त्या काळी पुरेसे बलवान कायम चुंबक स्वस्तात मिळत नसत. म्हणून लोखंडाभोवती तारेचे मोठे वेटोळे घालून त्यातून प्रवाह सोडत व विद्युत्चुंबक तयार करीत. ते वेटोळे पडद्याला हलवीत नसे, केवळ चुंबकत्व पुरवीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले कायम चुंबक सुलभ झाले आणि ती पद्धत मागे पडली.

आपल्या चार टोकांच्या ध्वनिक्षेपकात मात्र दोन्ही वेटोळी एकाच नळीवर गुंडाळलेली असतात, एकावर एक किंवा शेजारी शेजारी. तारांवर रोगणाचा लेप असल्यामुळे त्यांचा परस्परांशी विद्युत्संबंध येत नाही. पण नळी एक, पडदा एक. म्हणून हालचालही एकच. एका वेटोळ्याला तबला आणि दुसऱ्याला पेटी दिली तरी पडदा दोन्ही बलांची बेरीज करून तेवढाच हलतो. घरच्या संगीतयंत्रात डाव्या व उजव्या बाजूचे खर्जाचे स्वर एकत्र आणण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात.

बेरीज म्हटली की चिन्हाचा प्रश्न येतो. एका जुवाला दोन बैल जुंपले आणि दोघेही पुढे ओढू लागले तर गाडी जोमाने निघते. एकाचे तोंड पुढे आणि दुसऱ्याचे मागे केले तर गाडी जागची हलत नाही, बैल मात्र दमून जातात. एका वेटोळ्याची तांबडी व काळी टोके उलटसुलट जोडली गेली तर नेमके हेच होते. दोन्ही बले एकमेकांना खोडतात, पडदा जवळजवळ स्तब्ध राहतो आणि सारी वीज वेटोळी तापवण्यात जाते. आवाज येत नाही म्हणून कोणी यंत्राची कळ आणखी फिरवली तर वेटोळी जळतात. ओहम मोजणारे मीटर मात्र या जोडणीतही योग्य जोडणीइतकाच आकडा दाखवते, कारण तारेचा रोध दिशेवर अवलंबून नसतो.

खरी परीक्षा दीड व्होल्टच्या साध्या सेलने होते. सेलचे धन टोक तांबड्याला व ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवावे. पडदा बहुधा पुढे उसळतो. दुसऱ्या वेटोळ्यालाही तसेच करावे. दोन्ही वेळा पडदा एकाच दिशेने उसळला तर खुणा बरोबर आहेत. सेल टेकवून ठेवू नये.

आता अँप्लिफायरवरील भाराचा विचार. समजा, प्रत्येक वेटोळे ४ ओहमचे आहे. (मीटरने मोजल्यास याहून थोडे कमी भरते, तो दोष नव्हे.) एकाचे काळे टोक दुसऱ्याच्या तांबड्याला जोडून उरलेल्या दोन टोकांतून प्रवाह दिला, म्हणजे एकसर जोडणी केली, की भार ८ ओहम होतो. तांबड्याला तांबडे व काळ्याला काळे अशी समांतर जोडणी केली की तो २ ओहम होतो. हिशेबासाठी यंत्र ८ व्होल्ट देते असे धरू. एकसर जोडणीत १ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे ८ वॅट. समांतर जोडणीत ४ अँपिअर, म्हणजे ३२ वॅट. ध्वनिक्षेपक तोच, परंतु यंत्रावरचा बोजा चौपट. मोटारीत बसवायची यंत्रे पुष्कळदा असा भार सोसतील अशीच बनवलेली असतात. शाळेतील यंत्राच्या पाठीवर ४ किंवा ८ ओहम असे लिहिलेले असेल तर ते २ ओहमला जोडू नये. दुप्पट आवाजाची समजूत अर्धी खरी म्हटली ती यामुळे: अधिक जोर मिळतो, पण तो यंत्राच्या जिवावर.

एकच वेटोळे जोडून दुसरे मोकळे सोडले तर ४ ओहमचा भार पडतो, २ अँपिअर प्रवाह जातो, आणि पडद्यावर बल मात्र एकसर जोडणीइतकेच येते. तेवढ्याच कामाला दुप्पट वीज लागते. शिवाय खर्ज काहीसा सैल, घुमणारा लागतो. याचे कारण वर्गात मुलांना हाताने अनुभवता येईल. मोकळ्या ध्वनिक्षेपकाचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच व सारखा आतबाहेर करून पाहू द्यावा. मग एका वेटोळ्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने परस्परांना जोडून पुन्हा तसेच करण्यास सांगावे. या वेळी काकवीत पळी फिरवल्यासारखा पडदा जड लागतो. चुंबकाच्या फटीत हलणारे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करते, आणि ती वीज त्या हालचालीलाच विरोध करते. १८३४ चा लेन्झचा नियम तो हाच. दोन्ही वेटोळी अँप्लिफायरला जोडलेली असली म्हणजे हा लगाम पुरेपूर मिळतो; एकच जोडले तर निम्मा.

असा ध्वनिक्षेपक मुख्यतः खर्जाच्या स्वरांसाठी बनवलेला असतो. शब्द स्पष्ट होतात ते व्यंजनांच्या उंच कंपनांमुळे, आणि जड पडदा ती नीट देत नाही. त्यामुळे परिपाठ किंवा भाषण यांसाठी साधा कर्णाच वापरावा; ढोलकीच्या साथीला किंवा वरील प्रयोगाला हा उपयोगी पडेल. कर्ण्यात सामान्यतः एकच वेटोळे असते, तेव्हा जोडणीचे वरील नियम त्याला लावू नयेत.

कोणतीही जोडणी करण्यापूर्वी अँप्लिफायरचा प्लग भिंतीतून काढावा. सेलने खात्री करून घेतल्यावर चारही टोकांना चिठ्ठ्या लावाव्यात आणि पेटीच्या आत जोडणीची आकृती व एकूण ओहम लिहिलेला कागद चिकटवावा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाकडे काम आले तरी पुन्हा अंदाजाने तारा जोडण्याची वेळ येणार नाही.