पामच्या पानांची टोके का करपतात?

घरात अरेका पामची कुंडी ठेवण्याची आवड आता खेडोपाडीही रुजली आहे. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे, दमट हवेत वाढणारे. आपल्या माळव्यात, मोहनखेड्यापासून धार-देवासपर्यंत, जमीन काळी आणि उन्हाळ्याच्या झळा कडक. येथे पानांची टोके तपकिरी झाली की झाड तहानले असे समजून आपण आणखी पाणी ओततो. पुष्कळ झाडे त्यानेच दगावतात.

प्रथम माती पाहू. कुंडीत नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून बसते व मुळे कुजतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग भरड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, पण भोक बुजवू नये. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, त्यात डेंग्यूचे डास वाढतात. कुंडी खिडकीपाशी उजेडात ठेवावी, मात्र दुपारचे ऊन आणि गरम वारा टाळावा. शेंडा कधीही खुडू नये. खजुरीप्रमाणेच पामच्या खोडालाही वाढीचा एकच कोंब असतो; तो गेला की ते खोड संपले.

एवढे करूनही टोके करपत असतील, तर पाण्याचा विचार करावा. जड पाण्यातले क्षार कुंडीत साठतात. शिवाय अरेका पामला फ्लोराइड सोसत नाही. ते पानांच्या टोकांशी साचून तो भाग जाळते. सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असते, म्हणून शेतासाठी आणलेल्या पोत्यातली मूठ कुंडीत टाकू नये. पावसाचे पाणी साठवून घालणे उत्तम.

येथे झाडापेक्षा मोठी गोष्ट आहे. धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. त्याहून अधिक असलेले पाणी मुले लहानपणापासून पीत राहिली, तर त्यांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. फारच जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठ ताठते, हाडे वाकडी होतात. झालेली हानी औषधाने भरून येत नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

पामचे पान करपले म्हणजे विहिरीत फ्लोराइड आहेच, असे मात्र समजू नये. कोरडी हवा, क्षार, कुजलेली मुळे यांनीही तसे होते. खात्री तपासणीनेच होते. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना द्यावा. हातपंपाचे पाणी सदोष निघाल्यास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी तपासलेल्या उघड्या विहिरीचे किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. मुलांच्या आहारात दूध, शेवग्याचा पाला व आवळा असावा.

कुंडीतले झाड गेले तर दुसरे लावता येईल. मुलांच्या हाडांचे तसे नाही. म्हणून घरात पाम असो वा नसो, आपल्या हातपंपाचे पाणी एकदा अवश्य तपासून घ्यावे.