आधी डोह, मग मत्स्यबीज

भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षिमित्रांची वर्दळ असते. त्याच पाण्यातल्या माशांची चौकशी मात्र बहुतेक बाजारापुरती होते: रोहू कसा दिला, कटला कसा दिला? हे दोन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. तापीखोऱ्यातले अस्सल डोंगरी मासे पाहायचे, तर रावेर-यावलकडून सातपुडा चढावा लागतो.

पालजवळची सुकी नदी पावसाळ्यात खळाळते, उन्हाळ्यात तिचे डोह उरतात. अशा ओढ्यांतली मुरी बोटाएवढी, अंगावर पट्टे, तोंडाभोवती मिशा. चाहूल लागताच गोट्याखाली दडते. बिनखवल्यांच्या काही डोंगरी माशांच्या छातीवर तर कातडीच्या चुण्या असतात. त्यांच्या जोरावर ते लोंढ्यातही खडकाला धरून राहतात.

असेच मासे पाहून प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात ‘सातपुडा सिद्धान्त’ मांडला. पूर्व हिमालयाकडचे डोंगरी मासे सातपुड्याच्या रांगेने सह्याद्रीत पोचले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जनुकीय अभ्यासांनी त्याला आव्हान दिले. या ओढ्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

सगळेच वाचवायला पैसा आणि माणसे पुरत नाहीत, तेव्हा आधी काय वाचवायचे? सरधोपट उत्तर म्हणजे मोठा, देखणा मासा निवडा आणि त्याची पिल्ले सोडा. त्याची किंमत कावेरीने मोजली. लोणावळ्यात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होऊ लागली आणि सह्याद्रीतल्या या महसीरची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तिथे ती फोफावली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर वशिंड असलेला महसीर मात्र मागे रेटला गेला. २०१८ साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

शिवाय एकेक मासा निवडून भागणारही नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०११ च्या अहवालात पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या २९० जाती तपासल्या होत्या. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक धोक्यात निघाल्या.

म्हणून पहिला मान डोहाला हवा. मे महिन्यात ज्या डोहात पाणी टिकते, तिथेच पुढच्या पावसाळ्याची वीण जगते. तो एक डोह ब्लीचिंग पावडर टाकून मारला, की वरखालच्या ओढ्यात पुन्हा पसरायला मासा उरत नाही. वाळू-गोटे उपसले तर अंडी घालायची जागा जाते. तिलापिया सोडला तर ती त्याची होते.

यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, वनरक्षक आहेत, आणि कुठला डोह आटत नाही हे पावरा-तडवी वस्त्यांना पाठ आहे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर प्राणी मोजण्याची महाराष्ट्रातल्या जंगलांत प्रथा आहे. त्याच आठवड्यात डोहांची खोली आणि त्यांतले मासेही वहीत उतरवता येतील.