नव्या यकृतातला जुना कर्करोग आणि ध्वनिलहरी

यकृत बदलले की कर्करोगही गेला, असे अनेकांना वाटते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण प्रत्यारोपणाआधीच कर्करोगाच्या काही पेशी रक्तात सुटलेल्या असतील, तर त्या पुढे नव्या यकृतात, फुप्फुसात किंवा हाडांत रुजू शकतात. शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, हेही त्या पेशींच्या पथ्यावर पडते.

यकृतात पुन्हा आलेल्या गाठीवर काही निवडक रुग्णांत 'हायफू' (तीव्र ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून ऊतक तापवणे) हा उपचार करतात. त्याला किरणोपचार समजणे चूक आहे. लहरी सोनोग्राफीच्याच जातीच्या, फक्त कितीतरी तीव्र. भिंगाने ऊन कागदावर एकवटले की ठिपका जळतो, भिंग गार राहते. तसेच इथे त्वचा सहसा शाबूत राहते आणि केंद्रबिंदूवर तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन पेशी काही सेकंदांत मरतात. चीर नसली तरी बहुधा भूल द्यावी लागते, कारण श्वासाबरोबर यकृत हलते. फासळ्या लहरी अडवतात आणि आतड्यातला वायू त्या परतवतो, त्यामुळे प्रत्येक गाठीपर्यंत पोहोचता येतेच असे नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये यकृतातल्या गाठींसाठी मान्यता मिळालेली हिस्टोट्रिप्सी (सूक्ष्म बुडबुड्यांच्या धक्क्याने पेशी फोडणे) ही ध्वनिलहरींचीच, पण वेगळी पद्धत. तिचा भर उष्णतेवर नाही.

दोन्हींत नष्ट होते ती दिसणारी गाठच, इतरत्र रुजलेल्या पेशी नव्हेत. म्हणून या उपचारांची चौकशी करताना आधी डॉक्टरांना विचारावे: यकृताबाहेर आजार आहे का?