सातबारा नसलेल्याने शेतकी का शिकावी?

बारावीचा निकाल लागला की आमच्या मालवण-कुडाळ भागातल्या बौद्धवाड्यांत एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगा म्हणतो, शेतकी कॉलेजात जायचे आहे. जाणती माणसे विचारतात, "सातबाऱ्यार नाव नाय आपला, मगे शेतकी शिकान कोणाच्या बागेत राबतलस?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

कोकणात जमीन कसणारा एक आणि धनी दुसरा, ही जुनी रीत. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला. कायदा मात्र १९४९ साली झाला. पुढे कूळकायद्याने काही कुळांना जमीन मिळाली. परंतु ज्यांची कूळ म्हणूनही कुठे नोंद नव्हती, जे केवळ मजुरीवर राबत होते, त्यांच्या हाती काय आले?

यातूनच शेतकी ही जमीनवाल्याची विद्या होय, असा समज रुजला. तो तपासून पाहू. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि मुळद्याचे उद्यानविद्या महाविद्यालय याच विद्यापीठाचे. कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. त्यात मृदाशास्त्र, कृषिविद्या, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण असे विषय येतात. यांतला एकही विषय सातबारा मागत नाही.

चारसूत्री भातशेतीचे उदाहरण घ्या. भाताचे तूस-पेंढा मातीत परत घालणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर लावणी करणे आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी हाताने खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. वर फेकलेला युरिया कोकणच्या पावसात वाहून जातो. चिखलात खोल खोचलेली गोळी पिकाला हळूहळू अन्न पुरवते. हे शास्त्र कागदावर शास्त्रज्ञाचे असले, तरी शेतात ते अमलात येते चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या बोटांतून. अंतर मोजून लावायला वेळ जास्त लागतो, कंबर जास्त दुखते. मग मजुरीचा दर काय असावा? हा प्रश्न धन्याच्या मुलाला सुचेलच असे नाही. त्या बाईची मुलगी शिकली तर तो तिला सुचल्याशिवाय राहणार नाही. आंबा-काजूची कलमे बांधणाऱ्या आणि बागेत औषध फवारणाऱ्या माणसांचेही असेच आहे.

१९१८ साली भारतातील लहान शेतीवर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण त्यात पाहावे लागते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे, उद्योग वाढले तरच तो हलका होईल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याच्या श्रमाचा हिशेब हासुद्धा शेतीशास्त्राचाच विषय आहे.

शेवटच्या वर्षी हे विद्यार्थी 'कृषिदूत', 'कृषिकन्या' म्हणून खेड्यात राहतात, बीजप्रक्रियेची, माती परीक्षणाची प्रात्यक्षिके करून दाखवतात. प्रात्यक्षिकाला जमीन लागते, त्यामुळे पावले साहजिकच बागायतदाराच्या अंगणाकडे वळतात. तीच पावले बौद्धवाडीकडे वळवायची असतील, तर त्या तुकडीत बौद्धवाडीची मुले हवीत.

तेव्हा शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी मुलांना दहावीनंतरच सांगावे, की कृषी पदवीसाठी विज्ञान शाखा व प्रवेशपरीक्षा लागते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे वेळेत उरकून घ्यावीत. पदवीनंतर कृषी खाते, बँका, संशोधन केंद्रे अशा वाटा आहेत. परंतु नोकरी एवढाच हेतू नसावा. जमिनीचे फेरवाटप व्हावे ही आपली मागणी जुनीच आहे, ती सोडायची नाही. मात्र जमीन हाती येईपर्यंत विद्या थांबवून ठेवायचीही गरज नाही. वाडीतल्या जाणत्या माणसांना आपण एवढेच सांगावे, की पोर कोणाच्या बागेत राबायला चाललेले नाही. तुमच्या राबण्याचा हिशेब मांडायला ते शिकते आहे.