जखमी कोंबडीची घरच्या घरी शुश्रूषा : आधी ऊब, मग औषध

नवी दिल्ली : परसातल्या कोंबडीवर कुत्रा, मुंगूस किंवा रानमांजराची झडप पडते ती बहुधा सांजवेळी किंवा पहाटे. त्या वेळी पशुवैद्यकीय दवाखाना बंद असतो. तो उघडा असला, तरी काहीशे रुपयांच्या पक्ष्यासाठी तितकेच गाडीभाडे खर्चून तालुक्याला जाणे कोणाला परवडत नाही. त्यामुळे जखमी कोंबडी एकतर लगेच कापली जाते किंवा खुराड्याच्या कोपऱ्यात तिच्या नशिबावर सोडली जाते. पहिल्या काही तासांत योग्य काळजी घेतली, तर यांतील अनेक कोंबड्या वाचू शकतात. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरात असतात.

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व अन्य पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते, आणि ही संख्या २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. नंदुरबारच्या पाड्यांपासून झारखंड, ओडिशा आणि ईशान्येकडील राज्यांपर्यंत हे पक्षी मुख्यतः स्त्रिया सांभाळतात. अडीनडीचा किरकोळ खर्च अनेक घरांत त्यांच्यावरच भागतो. पिलांची आई असलेली कोंबडी गेली, की नुकसान एका पक्ष्यापुरते राहत नाही.

शुश्रूषेची सुरुवात जखमेपासून करण्याची घाई होते, आणि चूक तिथेच होते. कोंबडी हा शिकार होणारा पक्षी आहे. आजार किंवा वेदना लपवणे हा तिचा स्वभावधर्म आहे. झडपेतून सुटलेली कोंबडी काही वेळ ताठ उभी राहते, चालते, क्वचित दाणाही टिपते. त्यावरून तिला फारसे लागले नाही, असे समजले जाते आणि रात्रीत ती दगावते. अशा मृत्यूला बऱ्याचदा जखमेइतकाच धक्का आणि गारठा कारणीभूत असतो. म्हणून तिला आधी अलगद पकडावे, पंख मिटून सुती कापडात सैल गुंडाळावे आणि पेंढा किंवा जुने कापड अंथरलेल्या खोक्यात अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. पाय धरून उलटे लोंबकळत नेण्याची बाजारातली पद्धत जखमी पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते. पक्ष्यांना माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो. त्यामुळे छाती आवळून धरणेही तितकेच घातक असते.

कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. माणसाच्या हाताला ती नेहमीच गरम लागते, त्यामुळे तिला ताप आला असे मानू नये. उलट पाय गार पडले असतील आणि तुरा फिका दिसत असेल, तर काळजीचे कारण असते. अशा वेळी कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवावी किंवा सुरक्षित अंतरावर दिवा लावावा. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे नकोसे झाल्यास तिला सरकता येईल. विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात मात्र हा उपाय उलटू शकतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून दूर धरत असेल, तर तिला ऊब नको, सावली व वारा हवा.

या विश्रांतीला एकच अपवाद आहे, तो वाहत्या रक्ताचा. दीड किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगात साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान कपाइतकेच रक्त असते. जमिनीवर थोडे दिसणारे रक्तही तिच्या दृष्टीने थोडे नसते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून चार-पाच मिनिटे सलग दाबून धरावी. मध्येच उचलून पाहिले, तर जमू लागलेली गुठळी सुटते. नख किंवा चोचीचे टोक तुटून रक्त येत असेल, तर त्यावर मक्याचे पीठ दाबल्याने ते थांबण्यास मदत होते.

जखम धुताना

पक्षी सावरल्यावर, म्हणजे साधारण तास-दोन तासांनी, जखम नीट पाहावी. पिसांखालची इजा वरून दिसत नाही. पाठ, पंखांखालचा भाग, मांड्या आणि शेपटीखालचा भाग पिसे बाजूला करून तपासावा लागतो. जखमेभोवतीची पिसे कात्रीने कापावीत, उपटू नयेत. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे आणि त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे दीड लहान चमचा मीठ विरघळवावे. सुई काढलेल्या सिरिंजने या पाण्याची धार सोडून माती, पेंढा व साकळलेले रक्त वाहून जाऊ द्यावे. घरात पोव्हिडोन आयोडीन असेल, तर ते फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरता येते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस समाधान देतो खरा, पण वारंवार वापरल्यास तो नव्याने येणारी कातडीही जाळतो.

हळदीविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. वरवरच्या ओरखड्यावर हळदीने फारसा अपाय होत नाही. खोल जखमेत मात्र ती दाबून भरली, तर पाझरणाऱ्या द्रवात मिसळून तिचा गोळा बनतो आणि आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. रॉकेल, फिनेल, चुना, तंबाखूचे पाणी आणि गाडीचे जळके तेल या वस्तू काही ठिकाणी अजूनही जखमेवर लावल्या जातात. त्या विषारी किंवा दाहक असून पक्ष्याच्या पातळ कातडीतून अंगात भिनू शकतात. तेलकट मलमाने पिसे चिकटतात आणि ऊब धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जाते. मलम लावायचेच असेल, तर अगदी पातळ थर द्यावा आणि त्यात वेदनाशामक घटक नाही ना, हे वेष्टनावर पाहावे. बेन्झोकेनसारखी बधिरता आणणारी द्रव्ये पक्ष्यांना माणसापेक्षा फार कमी प्रमाणात बाधतात.

दातांच्या जखमांना विशेष जपावे लागते. कुत्र्या-मांजराचा दात वर बारीक छिद्र पाडतो आणि जंतू खोलवर सोडतो. असे छिद्र दोऱ्याने शिवणे किंवा पट्टीने घट्ट बंद करणे म्हणजे जंतू आत कोंडणे होय. ते वारंवार धुऊन उघडे ठेवावे. मांजराच्या चाव्यानंतर दिवसभरातही जंतुसंसर्ग पसरू शकतो. त्यामुळे डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची शक्यता असेल, तर ती याच वेळी वापरावी. पिसांना हल्लेखोर जनावराची लाळ लागलेली असू शकते. हाताळणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

उन्हाळ्या-पावसाळ्यात माशी हा दुसरा शत्रू ठरतो. जखमेवर तिने घातलेली अंडी उष्ण हवेत एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या मांस खाऊ लागतात. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचे कापड ताणावे, अंथरूण रोज बदलावे आणि जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. अळ्या दिसल्याच, तर मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक काढाव्यात. हे किळसवाणे काम आहे. ते एका बैठकीत संपतही नाही.

पक्ष्यांचा पू वाहता नसतो, तो पनीरासारखा घट्ट होतो. त्यामुळे गळवाप्रमाणे पिळून तो निघत नाही, आणि दाबण्याच्या प्रयत्नात भोवतालची कातडी फाटते. दुसरीकडे, पाठीची कातडी तळहाताएवढी फाटलेली कोंबडीही तीन ते पाच आठवड्यांत आतून भरून बरी होऊ शकते. जखम पाहून लगेच आशा सोडण्याचे कारण नाही. दुर्गंधी येणे, कडा काळ्या-हिरव्या पडणे आणि खाणे सुटणे ही बिघडत चालल्याची लक्षणे होत.

मोडलेले हाड आणि रिकामे पोट

पंख लोंबत असेल, तर तो नैसर्गिक घडीत मिटून अंगाला मऊ पट्टीने बांधतात. पट्टी दुसऱ्या पंखाखालून न्यावी आणि छातीवर बोट सहज सरकेल इतकी सैल ठेवावी. ढोपराखालचे हाड मोडले असल्यास कापसाचा थर देऊन बांबूच्या पातळ कामट्या किंवा कुल्फीच्या काड्या दोन्ही बाजूंनी बांधता येतात. बोटे सुजली किंवा गार पडली, तर बांधणी घट्ट झाली आहे असे समजावे. मांडीचे हाड घरी बांधता येत नाही. तिथे अरुंद खोक्यात हालचाल रोखणे एवढाच उपाय उरतो. हाड जुळायला साधारण तीन आठवडे लागतात. हाड कातडीबाहेर आले असेल, तर घरगुती उपायांची मर्यादा संपते. लंगडण्यामागे नेहमीच हाड नसते. बोटांना गुंडाळलेला दोरा किंवा माणसाचा केसही पाय सुजवतो. तो कापून काढला, की पक्षी काही दिवसांत चालू लागतो.

पाणी पाजताना सर्वाधिक अपघात घडतात. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे असते. चोच उघडून ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. चोचीच्या कडेला थेंब लावावा, तो ती स्वतः गिळते. पाण्यात गूळ किंवा ग्लुकोज आणि चिमूटभर मीठ घालता येते. पाणी पिऊ लागल्यावरच भिजवलेला भरडा, मऊ भात किंवा उकडलेल्या अंड्याचा चुरा द्यावा. पाणी प्यायल्यावर ते गळ्याखालच्या जखमेतून बाहेर येत असेल, तर धान्याची पिशवी फाटलेली आहे. तिला टाके लागतात आणि ते डॉक्टरांनीच घालायचे असतात.

औषधाच्या दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून त्यांचा तुकडा चारण्याची सवय सर्वत्र दिसते. प्रतिजैविकांबाबत ही सवय त्या एका कोंबडीपुरती राहत नाही. औषधाचे अंश अंड्यांत आणि मांसात उतरतात, तर अर्धवट मात्रेतून औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. याच चिंतेतून केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. बहुतांश राज्यांत पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. कोंबडीसाठी गाडी येईलच असे नाही. तरी कोणते औषध द्यावे, किती द्यावे आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे तिथे विचारता येते.

ही जखमच आहे का?

मान वळलेली, पाय लुळे पडलेले किंवा झोकांड्या खाणारी कोंबडी पाहून तिला कशाचा तरी मार लागला असावा, असा तर्क केला जातो. अंगावर जखम नसताना मान पिळवटलेली असेल आणि हिरवट विष्ठा व धाप दिसत असेल, तर ती बहुधा मानमोडी, म्हणजे राणीखेत असते. उत्तराखंडातील राणीखेत या गावावरून हे नाव पडले. त्यावर उपचार नाही, लसीकरण हाच बचाव आहे. असा पक्षी घरात आणून शुश्रूषा करणे म्हणजे रोग उरलेल्या कळपात नेणे ठरते. तुरा निळा-जांभळा पडणे, डोके सुजणे आणि एकाच वेळी अनेक पक्षी मरणे ही लक्षणे बर्ड फ्लूचीही असू शकतात. देशातील त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला होता. अशा पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवावे.

काही कोंबड्या वाचत नाहीत, हेही मान्य करावे लागते. पोट फाटून आतडी बाहेर आलेली, पाठीचा कणा मोडलेली किंवा दोन दिवसांनंतरही मान न उचलणारी कोंबडी केवळ यातना भोगत असते. तिला जाणत्या हाताकडून झटपट संपवणे हीच दया होय. औषध दिलेली किंवा आजारी कोंबडी मात्र खाऊ नये.

बरी झालेली कोंबडी कळपात परतताना पुन्हा जखमी होण्याचा धोका असतो. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते, असे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्डरुप-एबे यांनी १९२२ मध्ये मांडले होते. काही दिवस दूर राहिलेला पक्षी या उतरंडीत परका ठरतो, आणि लाल जखम दिसली की बाकीच्या तिथेच चोच मारतात. जखमेवर कातडी पूर्ण धरेपर्यंत तिला वेगळे ठेवावे. नंतर तीन-चार दिवस डालग्याखाली ठेवून ते डालगे दिवसा कळपातच मांडावे, म्हणजे एकमेकींना पाहता येते पण टोचता येत नाही. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला खुराड्यात सोडावे. पाठ कोंबड्याच्या नखांनी सोलली असेल, तर पिसे पुन्हा येईपर्यंत कोंबड्यालाच बाजूला ठेवणे सोयीचे. या काळात अंडी बहुधा थांबतात. शरीर आपली शक्ती कातडी आणि पिसांसाठी वापरत असते. ती पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे लागू शकतात.