यादीतला ड्रायव्हर म्हणजे व्हायरस नव्हे

हिंगणा एमआयडीसीत माल घेऊन आलेला ट्रक आधी वजनकाट्यावर चढतो. काट्याच्या खोलीत इंडिकेटरवर आकडा स्थिरावतो, तिथून एक केबल संगणकाकडे जाते आणि पावती छापून निघते. या केबलचं एक टोक जुन्या सिरियल पोर्टचं, नऊ पिनांचं, दुसरं यूएसबीचं. मधे एक छोटी चिप असते आणि तिच्याशी बोलायला विंडोजला ड्रायव्हर लागतो. काटा बसवणाऱ्याने सीडीवरून टाकून दिलेला ड्रायव्हर वर्षानुवर्षं तसाच राहतो. मग कधीतरी विंडोज सिक्युरिटीच्या ढालीवर पिवळं चिन्ह उमटतं: मेमरी इंटिग्रिटी बंद आहे, संगणकाला धोका असू शकतो. ती चालू करायला जावं तर विंडोज नकार देतं आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी पुढे करतं.

यादी पाहून पहिला समज होतो तो व्हायरस शिरल्याचा. तो चुकीचा आहे. ड्रायव्हर चालतो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. तिथे मेमरीच्या एकाच भागात लिहिण्याची आणि तिथलंच लिहिलेलं चालवण्याची अशा दोन्ही परवानग्या असल्या, तर घुसखोराला आपला कोड तिथे लिहून लगेच चालवता येतो. मेमरी इंटिग्रिटी नेमकं हेच अडवते. प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनच्या आधाराने ती कर्नलपासून वेगळी, सुरक्षित जागा तयार करते आणि कर्नलमध्ये येणारा कोड तिथे तपासते. जुने ड्रायव्हर हा नियम येण्याआधी लिहिलेले आहेत, म्हणून ते अडतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, घडण जुनी असते.

कर्नलमधली चूक किती महाग पडते, हे 19 जुलै 2024 ला सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे कुणी हल्ला केलेला नव्हता.

दुसरा समज दुकानदारांपासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो: ‘अँटिव्हायरस आहे ना, मग ही सेटिंग कशाला?’ फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर हिंगण्यापासून लांब नाही. 21 मार्च 2021 ला खुद्द महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुंबईच्या मुख्यालयासह राज्यभरातल्या कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. अँटिव्हायरस अशा वेळी एकटा का पुरत नाही, ते ‘रॉबिनहूड’ नावाच्या रॅन्समवेअरवरून कळतं. त्याची पद्धत सोफोस कंपनीने फेब्रुवारी 2020 मध्ये उघड केली. संगणकात शिरल्यावर हल्लेखोर गिगाबाइट या मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा एक जुना, सदोष ड्रायव्हर स्वतःच सोबत आणून बसवत. त्यातल्या चुकीचा फायदा घेऊन विंडोजची स्वाक्षरी-तपासणी बंद पाडत, मग आपला ड्रायव्हर घुसवत आणि त्याच्याकरवी अँटिव्हायरसच बंद करत. फाइलींना कुलूप त्यानंतर लागे.

गिगाबाइटच्या त्या ड्रायव्हरवर वैध डिजिटल स्वाक्षरी होती. म्हणजे ‘स्वाक्षरी आहे, म्हणून सुरक्षित’ हा समजही त्याच प्रकरणात खोटा ठरतो. स्वाक्षरी सांगते फाइल कुणाची आहे आणि वाटेत बदलली का. आतला कोड नीट लिहिलाय की नाही, हे ती सांगत नाही. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर तर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या स्वाक्षऱ्या होत्या. मायक्रोसॉफ्ट आता अशा धोकादायक ड्रायव्हरची एक काळी यादी ठेवतं. विंडोज 11 च्या 2022 मधल्या मोठ्या अपडेटपासून ती सगळ्या संगणकांवर आपोआप लागू असते.

मेमरी इंटिग्रिटीचं तसं नाही. विंडोज 11 कोरी बसवली आणि हार्डवेअर योग्य असलं, तर ती चालू मिळते. विंडोज 10 वरून अपग्रेड करून आणलेल्या संगणकावर मात्र ती बंदच राहिलेली असू शकते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे असे अपग्रेड केलेले संगणक आता पुष्कळ आहेत. ‘नवीन विंडोज आहे’ एवढ्यावर विसंबू नये, स्वतः उघडून पाहावं. विंडोज सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन: इतकीच वाट आहे.

आता यादीकडे. तिच्यात काट्याच्या केबलचाच ड्रायव्हर असेल असं नाही. बहुतेकदा भलताच सापडतो. वेस्टर्न डिजिटलच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा ‘डब्ल्यूडीसीसॅम64’ हा ड्रायव्हर अशा याद्यांमध्ये जगभर आढळला आहे. डिस्क कधीच कपाटात गेलेली असते किंवा विकलेली असते, तरी ड्रायव्हर मागे उरतो. कारण यूएसबी काढली की ड्रायव्हर जातो, हाही गैरसमजच आहे. विंडोज ड्रायव्हरची प्रत आपल्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये जपून ठेवतं. जुने प्रिंटर, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे डोंगल, टीव्ही ट्यूनर यांचे अवशेष असेच पडून असतात.

ते काढायला संगणक फॉरमॅट करावा लागत नाही. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर सगळ्यांत जास्त मिळतं आणि सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतं: टॅलीचा बॅकअप राहून जातो, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर पुन्हा शोधावं लागतं, काट्याच्या सेटिंगचा कागद कुणाकडेच नसतो. सिस्टम32 मध्ये जाऊन .एसवायएस फाइल हाताने डिलीट करणं तर त्याहून वाईट, कारण नोंद राहते आणि फाइल नसते.

सरळ रीत अशी. यादीतल्या नावावर क्लिक केलं की कंपनी, तारीख आणि ‘पब्लिश्ड नेम’ दिसतं. ते ‘ओईएम’ या अक्षरांनी सुरू होतं, पुढे आकडा असतो. हे सगळं आधी कागदावर उतरवून घ्यावं. उपकरण वापरात असेल तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाळावीत, ती नको त्या वस्तू सोबत आणतात. उपकरण वापरात नसेल तर रिस्टोअर पॉइंट घेऊन, त्याचं सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनेलमधून काढावं. तरीही ड्रायव्हर राहिला तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजचंच ‘पीएनपीयूटिल’ हे साधन त्या पब्लिश्ड नेमवरून तो रीतसर हटवतं. मग मेमरी इंटिग्रिटी चालू करून संगणक रीस्टार्ट करायचा.

‘नवा ड्रायव्हर म्हणजे हमखास चांगला’ हेही पूर्ण खरं नाही आणि वजनकाट्याची केबल त्याचं उत्तम उदाहरण आहे. या केबलींमध्ये तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल2303 चिप खूप वापरली गेली. कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकला की तिच्या जुन्या प्रकारांसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये संदेश येतो: ही चिप 2012 पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. काटा थांबतो. लोक मग जुना ड्रायव्हर परत टाकतात आणि विंडोजची अपडेट्सच बंद करून ठेवतात. काट्याचं काम आजचं भागतं, पण त्या संगणकाची सगळी सुरक्षा गोठते. खरं तर इथे केबल बदलणं स्वस्त पडतं. वजनाच्या सॉफ्टवेअरला चिपशी देणंघेणं नसतं, त्याला कॉम पोर्टचा क्रमांक लागतो. चालू चिपची नवी केबल घेऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनाच क्रमांक दिला, की पावती पूर्वीसारखी निघते.

मेमरी इंटिग्रिटीने संगणक मंदावेल ही भीती मात्र निराधार नाही. गेम खेळणाऱ्यांनी हवी तर ही सेटिंग खेळापुरती बंद करावी आणि नंतर पुन्हा चालू करावी, असं मायक्रोसॉफ्टनेच 2022 मध्ये सांगितलं होतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन 2 पासून प्रोसेसरमध्येच यासाठी सोय आहे. त्याआधीच्या प्रोसेसरवर भार जास्त पडतो. पण बिलं, जीएसटीचं रिटर्न आणि काट्याच्या पावत्या यांच्यासाठी ती बंद ठेवण्याचं कारण नाही.

काही ठिकाणी खरोखरच उपाय नसतो. यंत्र लाखोंचं, बनवणारी कंपनी बंद, नवा ड्रायव्हर येणारच नाही. तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवावी लागते, पण मग त्या संगणकावर ईमेल, बँक आणि इंटरनेट नको. पेन ड्राइव्हही मोजकाच आणि तपासलेला. कारखानदारांनी पुढच्या यंत्राचं कोटेशन मागवताना पुरवठादाराकडून एवढं लेखी घ्यावं: विंडोज 11 वर मेमरी इंटिग्रिटी चालू असताना तुमचा ड्रायव्हर चालतो का, आणि त्याची अपडेट्स किती वर्षं मिळतील?