गादमाशी आणि साकोलीचा धान

भंडारा जिल्ह्यातील साकोली हा तलावांचा, जंगलाचा आणि धानाचा तालुका. येथील बांध्यांतील खरिपाच्या धानाला गादमाशीचे भय वर्षानुवर्षे आहे.

डासासारखी दिसणारी ही माशी पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी ओलाव्यातून सरपटत फुटव्याच्या वाढीच्या टोकाशी पोहोचते. मग तेथे कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी येते. अशा फुटव्याला लोंबी धरत नाही. अळी आत दडलेली असल्याने नळी दिसल्यानंतरची फवारणी बहुधा वाया जाते. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि उशिरा झालेली रोवणी या किडीच्या पथ्यावर पडते.

म्हणूनच संशोधकांचा भर प्रतिकारक वाणांवर आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र साकोलीत असण्याचे महत्त्व येथेच कळते. देशात गादमाशीचे 7 जैवप्रकार नोंदले गेले आहेत. रायपूरला तग धरणारा वाण साकोलीतही टिकेलच, असे नाही. ती परीक्षा येथल्याच बांधीत घ्यावी लागते.

ही परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही. एकाच जनुकावर विसंबलेला वाण सर्वदूर लावला, की त्याला पुरून उरणाऱ्या माश्यांचीच पैदास वाढते. तेव्हा वेळेवर रोवणी, बांधांवरील देवधानाचा नायनाट आणि अळीवर जगणाऱ्या प्लॅटीगॅस्टर या परजीवी कीटकाचे जतन यांची जोड वाणाला द्यावीच लागते.